साठ दिवस केपटाउनमध्ये, साठ दिवस जुन्नरमध्ये



जुलै २०२३ मध्ये, बकरी ईद होऊन आठवडा झाला होता, तेव्हा माझे सासू-सासरे मस्तुरात जमातीबरोबर दोन महिन्यांसाठी दक्षिण आफ्रिकेला गेले. अब्बा सहासष्ट वर्षांचे, अम्मी एकसष्टच्या. अब्बा एस.टी.त चालक होते, निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. अम्मी घरच्या ओसरीवर आणि बाजारच्या दिवशी पाटीवर बांगड्या भरतात. अम्मींचा त्याआधीचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे अजमेर.

परत आल्यावर लोकांनी त्यांना विचारलं, तिकडे काय पाहिलं? टेबल माउंटन पाहिला का? समुद्र पाहिला का? दोघं थोडं सांगत आणि गप्प बसत. मी मात्र त्यांच्याकडून रोज रात्री थोडं थोडं काढून घेतलं. ते लिहावंसं वाटलं, कारण दीनच्या सफरीबद्दल आपण बयान पुष्कळ ऐकतो. त्या सफरीत धुणं कोण धुतं, गोळ्या कोण देतं, आणि मागे घरी काय होतं, हे क्वचितच कोणी सांगतं. शिवाय या साठ दिवसांत माझ्या हातून एक चूक झाली. तीही सांगायची आहे.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी आधी थोडं. मौलाना मुहम्मद इलियास (१८८५–१९४४) यांनी मेवातमध्ये १९२०च्या दशकात हे काम सुरू केलं. स्वतःचा वेळ, स्वतःचा पैसा आणि स्वतःचा जीव लावून गावोगाव जायचं, मशिदीत राहायचं, आधी स्वतःला सुधारायचं आणि मग दुसऱ्याला आठवण करून द्यायची, असं त्याचं स्वरूप. मस्तुरात जमात म्हणजे जोडप्यांची जमात. बाई एकटी जात नाही, तिचा महरम सोबत असतो. पुरुष मशिदीत उतरतात आणि बायका जवळच्याच एखाद्या घरात. राजकारण आणि मसलकांचे वाद यांवर बोलायचं नाही, असा तिथला नियम.

अब्बांनी आपल्या पी.एफ.मधून यासाठी पैसे बाजूला ठेवले होते. दोघांचा मिळून जवळपास तीन लाख खर्च आला. कोणाकडून एक पैसा घेतला नाही.

नात्यातल्या काही जणांनी विचारलं, "आता कशाला? दिवस कसे आहेत ते दिसत नाही का?" त्यांची भीती खोटी नव्हती. २०२०च्या टाळेबंदीत 'तबलीगी' हा शब्द टीव्हीवर शिवीसारखा वापरला गेला. आमच्या शेजारच्या, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात बाहेरच्या देशांतून आलेल्या पाहुण्यांवर गुन्हे दाखल झाले. पुढे २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि या लोकांना बळीचा बकरा केलं गेलं असंही म्हटलं. पण निकाल वाचणारे थोडे, टीव्ही पाहणारे फार. अब्बा एवढंच म्हणाले, "ते आपल्याकडे पाहुणे म्हणून आले होते, त्यांच्यावर काय गुजरली ते आपण पाहिलं. आता आपण पाहुणे म्हणून जाऊ. पाहुण्याने कसं वागावं, ते तर आपल्या हातात आहे."

मी? मी नाराज होते. माझी मुलगी दहावीत, माझी शाळा, पती दिवसभर नारायणगावच्या बाजारात. त्या वर्षी टोमॅटोच्या भावाने नारायणगाव गाजत होतं. वीस किलोच्या क्रेटला २,००० रुपयांच्या वर भाव गेला होता आणि आमच्या घरात माणूस जेवायलासुद्धा वेळेवर येत नव्हता. त्यात अम्मींचं बांगड्यांचं गिऱ्हाईक. नागपंचमी २१ ऑगस्टला होती. त्याआधीचे पंधरा दिवस आमच्या ओसरीवर बायकांची रांग असते. माळी आळीपासून खालच्या वाड्यांपर्यंतच्या बाया अम्मींकडूनच बांगड्या भरून घेतात. मी म्हटलं, "अम्मी, हे सगळं कोण बघणार?" त्या म्हणाल्या, "तू हाय ना." हा विश्वास होता की हुकूम, ते मला त्या वेळी कळलं नाही.

हबशामधले चार तास

मुंबईहून विमान आदिस अबाबाला थांबून केपटाउनला जाणार होतं. आदिस अबाबा म्हणजे इथिओपिया, म्हणजेच आपल्या किताबांतला हबशा. चार तास विमानतळावर बसायचं होतं. अब्बा एस.टी.च्या सवयीने इकडून तिकडे फिरत होते. बत्तीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला प्रवासी म्हणून बसणं जमत नाही. अम्मी मात्र एका खुर्चीवर तसबीह घेऊन बसल्या होत्या.

इ.स. ६१५ च्या सुमारास मक्केतून पहिली हिजरत याच देशात झाली. त्या पहिल्या मुहाजिरांमध्ये एक जोडपं होतं, हजरत उस्मान (र.अ.) आणि प्रेषित (स.) यांची कन्या हजरत रुकय्या (र.अ.). अम्मींना ही गोष्ट लहानपणापासून ठाऊक होती, पण तो देश खरोखर नकाशावर आहे आणि तिथे चहा मिळतो, हे त्यांना नवीन होतं. आम्हा जुन्नरकरांचं तर हबशाशी दुसरंही नातं आहे. मलिक अंबर तिथूनच गुलाम म्हणून आला आणि पुढे निजामशाहीचा कारभारी झाला. त्याच्या काळात काही वर्षं आमचं जुन्नर राजधानी होतं. हे मी वर्गात दरवर्षी शिकवते. अम्मींनी फोनवर सांगितलं, "तुम्हारे अंबर के गांव में बैठी हूं." मला हसू आलं आणि रागही थोडा उतरला.

पिशवी घेऊन दाराशी

केपटाउनमध्ये पाच जोडपी रायलंड्स भागात उतरली. पुरुष एका मशिदीत आणि बायका तिथून सात-आठ मिनिटं चालत जाण्याच्या अंतरावर, एका घराच्या मागच्या दोन खोल्यांत. घरमालकाने आपल्या घरातल्या मुलांना दुसरीकडे झोपायला पाठवलं होतं.

दिवस असा जाई. तिकडे जुलै म्हणजे हिवाळा आणि पाऊसही हिवाळ्यातच. सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवे. फजरला उठायचं ते सहानंतर, म्हणून अम्मींना पहिले काही दिवस वाटे, आपण नमाज चुकवली. फजरनंतर कुरआन, मग नाश्ता, मग तालीम. कोणी एक किताब वाचायची, बाकीच्यांनी ऐकायचं. दुपारी आसपासच्या बायका येत. आठवड्यातून एक-दोनदा पडद्याआडून बयान होई. उरलेला वेळ धुणं, भांडी, स्वयंपाक, झिक्र आणि झोप. रोज दोघींची खिदमतीची पाळी. अम्मी म्हणतात, "लोगां को लगता, जमात में रात-दिन बयान होता. अगे, आधा दिन तो कपडे सुखाने में जाता. धूप नहीं, वहां कपडे दो-दो दिन गीले."

पुरुष मशिदीत आपलं जेवण स्वतःच करत. अब्बांनी आयुष्यात स्वतःसाठी चहासुद्धा केला नव्हता. मुक्कामी गाडीवर असले तर गावचा हॉटेलवाला चहा देई आणि घरी असले तर अम्मी. पहिल्या पाळीला त्यांनी डाळीत दोनदा मीठ घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता ते किराणा-भाजीची पिशवी घेऊन बायकांच्या घराच्या मागच्या दाराशी आले आणि हळूच विचारलं, "भाताला पाणी किती घालायचं?"

ती त्यांची रोजची वेळ झाली. रोज अकराला पिशवी घेऊन यायचं, दाराशी पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. अम्मींना साखरेचा आजार आहे. अब्बा पट्टीवर रक्ताचा थेंब घेऊन साखर बघायला शिकले. आकडा वहीत लिहीत. ती वही मी पाहिली आहे. एस.टी.च्या लॉगशीटसारखी आखलेली, तारीख, वेळ, आकडा आणि शेवटच्या रकान्यात शेरा. एका ठिकाणी शेरा आहे, "काल खजूर जास्त खाल्ले. कबूल केले."

अम्मी म्हणतात, "चालीस साल में इन्होंने मेरे से इतनी बात नहीं की." त्यात तक्रार नव्हती. एस.टी.च्या माणसाचा संसार असाच असतो. तो यायच्या वेळी घर झोपलेलं आणि जायच्या वेळीही. निवृत्तीनंतर ते मशिदीत आणि त्या ओसरीवर. एकमेकांना वेळ ठरवून भेटण्याची पाळी त्यांच्यावर आली ती सातासमुद्रापार.

एकदा अब्बा रस्ता चुकले. चालकाचा अभिमान असा की दिशा विचारायची नाही, सूर्य बघायचा. पण आपल्याकडे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, तर तिकडे दुपारी तो उत्तरेकडे असतो. अब्बा बरोबर उलट्या दिशेला अर्धा तास चालत गेले. हा भूगोल मी आता वर्गात त्यांचं नाव न घेता सांगते. मुलं विसरत नाहीत.

कोकणातून गेलेली माणसं

ज्या घरात बायका उतरल्या होत्या, त्या घरच्या आजी ऐंशीच्या पुढच्या. पहिल्या दिवशी अम्मी आपल्या दखनीत बोलल्या. आजींना ती अर्धीच कळली. घरातल्या मुली इंग्रजी बोलणाऱ्या. मग स्वयंपाकघरात अम्मी स्वतःशीच मराठीत काहीतरी पुटपुटल्या आणि आजी एकदम वळून त्यांच्याकडे पाहू लागल्या. आजी कोकणी होत्या. त्यांचे वडील रत्नागिरीकडून गेलेले. आईने घरात जी बोली बोलली, ती त्यांनी जपून ठेवली होती.

केपटाउनमध्ये कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आताच्या रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतले लोक बोटीने तिकडे गेले, दुकानं आणि नोकऱ्या धरल्या. १९१३च्या कायद्याने भारतातून नव्याने जाणं अवघड केलं. पुढे वर्णभेदाच्या राजवटीत १९५०च्या ग्रुप एरियाज कायद्याने कोणत्या रंगाच्या माणसाने कुठे राहायचं हे सरकार ठरवू लागलं. शहरातला डिस्ट्रिक्ट सिक्स हा मिश्र वस्तीचा भाग १९६६ मध्ये फक्त गोऱ्यांसाठी जाहीर झाला आणि तिथली घरं पाडली गेली. रायलंड्स हा हिंदी लोकांसाठी राखलेला भाग. आजींचं माहेर डिस्ट्रिक्ट सिक्समध्ये होतं. आता तिथे घर नाही.

अम्मींना हे समजायला वेळ लागला नाही. आमच्या तालुक्याशेजारच्या आंबेगाव तालुक्याचं नाव ज्या गावावरून पडलं, ते मूळचं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. अम्मींचं माहेर घोडेगावचं. धरणात घरं गेलेली माणसं त्यांनी पाहिली आहेत. त्या आजींना म्हणाल्या, "आमच्याकडं गाव पाण्याखाली गेलं, तुमच्याकडं माणसांच्या कायद्याखाली." दोघींची मैत्री जमली ती तिथून.

मग तालीम अशी होऊ लागली. अम्मी मराठीत सांगत, आजी ते आपल्या कोकणीत घोळवत आणि नात ते इंग्रजीत शेजारणींना सांगे. तीन भाषांच्या चाळणीतून गेलेली गोष्ट शेवटी किती उरली असेल, अल्लाहच जाणे. पण बायका येत राहिल्या. अम्मी सवयीने प्रत्येकीचा हात हातात घेत आणि दाबून बघत, सव्वादोन की अडीच. एक मुलगी म्हणे रोज फक्त हात द्यायला येई.

आपल्या भागातून दीनच्या कामासाठी आफ्रिकेत जाणं काही तबलीगपासून सुरू झालेलं नाही. रत्नागिरी जिल्ह्यातले, तिकडे 'सूफी साहेब' म्हणून ओळखले जाणारे गुलाम मुहम्मद सूफी १८९५ मध्ये आपल्या पीरांच्या सांगण्यावरून डरबनला गेले. त्यांनी मशिदी, मदरसे आणि अनाथ मुलांसाठी घर उभं केलं आणि १९११ मध्ये तिथेच त्यांचा इंतकाल झाला. केपटाउनची हबीबिया मशीद त्यांच्याच कामातून उभी राहिली. त्यांचा रस्ता खानकाहचा, माझ्या सासऱ्यांचा रस्ता वेगळा. पण घर सोडून जाण्यात काय लागतं, ते दोघांनाही सारखंच ठाऊक.

आणि त्याहीआधी केपटाउनमध्ये इस्लाम नेला तो डच लोकांनी पूर्वेकडच्या बेटांवरून आणलेल्या गुलामांनी आणि कैद्यांनी. तिदोरचे तुआन गुरू १७८० मध्ये कैदी म्हणून आणले गेले. रॉबेन बेटावर त्यांनी पाठ असलेला कुरआन कागदावर उतरवला. सुटल्यावर मुलांसाठी मदरसा काढला. आजही तिथले मुसलमान आभार मानताना 'ट्रामाकासी' म्हणतात, तो मलायी शब्द. अम्मी तो शिकून आल्या. आता चहा दिला की मला ट्रामाकासी मिळतं.

आराम

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात घोडेगावहून निरोप आला. अम्मींची धाकटी बहीण, आमच्या खाला, यांना श्वासाचा त्रास झाला. आधी मंचरला, मग पुण्याला हलवलं. आम्ही अम्मींना तेवढं सांगितलं. त्यांनी तिकडे सगळ्या बायकांना दुआला बसवलं.

त्याच दिवसांत केपटाउनमध्ये टॅक्सीवाल्यांचा संप होता. ३ ऑगस्टपासून आठवडाभर शहर अडकून पडलं होतं. जाळपोळ झाली, माणसं मेली. वीज तर रोजच काही तास जाई. आपल्या लोडशेडिंगला तिकडेही लोडशेडिंगच म्हणतात. अम्मींच्या घरी येणाऱ्या शेजारणी कमी झाल्या. पाचही बायका मेणबत्तीच्या उजेडात बसून असत.

पाच ऑगस्टला खालांचा इंतकाल झाला. घरात सगळ्यांचं मत पडलं की अम्मींना आत्ता सांगू नये. संप चालू आहे, साखर वाढेल, त्या तिकडे काय करणार, येऊ तर शकत नाहीत, दफन तर आजच होईल. मीही मान हलवली. खरं सांगायचं तर मला तो फोन करायचा नव्हता.

त्या रात्री दहा वाजता अम्मींचा फोन आला. तिकडे साडेसहा, मगरिब नुकती झालेली. त्यांनी विचारलं, "जैनब कैसी है?" खरं नाव मी इथे बदललं आहे. मी म्हणाले, "अब आराम में है, अम्मी."

वर्गात मुलांना खरं बोला म्हणून सांगणारी मी. मी स्वतःला समजावलं, हे खोटं नाही. मेलेल्या माणसालाही आपण आराममध्ये आहे असंच म्हणतो. पण मला माहीत होतं त्या काय समजणार. त्या म्हणाल्या, "अल्हम्दुलिल्लाह," आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

सात तारखेला पतींनी अब्बांना मशिदीत फोन करून खरं सांगितलं आणि विनंती केली की अम्मींना परतल्यावरच सांगा. अब्बांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "बेटा, गाडी बिघडली तर ड्रायव्हर पॅसेंजरला सांगतो. उतरायचं की बसायचं, ते पॅसेंजर ठरवतो." आणि इशाच्या नंतर ते चालत त्या घराकडे गेले.

अम्मी सांगतात, त्यांनी मागच्या दाराशी आवाज ऐकला आणि दार उघडलं. अब्बांच्या हातात पिशवी नव्हती. तेवढ्यावरून त्यांना कळलं.

मशवऱ्यात अमीरसाहेबांनी त्यांना परत पाठवायची तयारी दाखवली. निर्णय अम्मींवर सोडला. त्यांनी राहायचं ठरवलं. बहिणीसाठी सोग तीन दिवसांचा, तो त्यांनी तिथेच पाळला. आजी तीन दिवस त्यांच्याजवळ बसून राहिल्या, काही बोलल्या नाहीत.

एक गोष्ट मात्र तिथल्या लोकांनी केली. कोकणी लोक शाफई. केपटाउनचे बहुतेक मुसलमान शाफईच. त्यांच्यात गैरहजर मय्यतीची जनाजाची नमाज पढली जाते. आपण हनफी ती पढत नाही. प्रेषितांनी (स.) मदिनेत हबशाच्या बादशहाची, नजाशीची जनाजाची नमाज पढली होती, तो शाफई उलेमांचा आधार. आपले उलेमा ती नजाशीपुरती खास बाब मानतात. दोन्हीकडे दलील आहे. मोहल्ल्याच्या मशिदीत असरनंतर इमामसाहेबांनी घोडेगावच्या एका बाईची नमाज पढवली. तिला तिथे कोणी पाहिलंही नव्हतं. अब्बा बाजूला उभे राहून दुआ मागत होते. ज्या हबशामध्ये अम्मी चार तास बसल्या होत्या, तिथल्या एका बादशहामुळे माझ्या खालांना सातासमुद्रापार नमाज मिळाली.

अम्मी काय म्हणाल्या

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोघं परतले. विमानतळावरून जुन्नरला न येता आधी घोडेगावला गेले. तिथे अम्मी बहिणीच्या लेकींना मिठीत घेऊन बसल्या. मी स्वयंपाकघरात तोंड लपवत होते.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. मला वाटलं, जनाजाला हजर राहता आलं नाही म्हणून बोलतील. त्या म्हणाल्या, "मौत का गिला नहीं. मैं जाते वक्त ही समझ के गई थी. पर दोन दिवस मी मेलेल्या बहिणीच्या बरं होण्याची दुआ मागत होते. तिला मगफिरतची दुआ पाहिजे होती, आणि मी तिच्यासाठी सेहत मागत होते. वह दो दिन तुम लोगों ने मेरे से लिये."

मी रडले. त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "तूने बांगड्या अच्छे बेचे."

बांगड्या मी विकल्या होत्या खऱ्या. शाळा सुटल्यावर रोज दोन तास ओसरीवर बसले. पहिल्या दिवशी पाच बांगड्या फोडल्या आणि एका काकूंच्या हाताला खरचटलं. काकूच म्हणाल्या, "राहू दे गं मास्तरीण, तुझी सासू येईपर्यंत मी जुन्याच ठेवते." पण नागपंचमीच्या आदल्या दिवशी हात बसला. एका शेतकऱ्याच्या सुनेने पैसे देताना विचारलं, "तुमच्या सासूबाई हजला गेल्यात का?" मी म्हटलं, "नाही, जमातीला." ती म्हणाली, "म्हणजे आमच्या वारीसारखं?" मी थोडा विचार करून म्हटलं, "जवळपास."

तेव्हा मला पहिल्यांदा उमगलं की 'तू हाय ना' या तीन शब्दांवर ते दोघं साठ दिवस तिकडे राहिले. त्यांचा पैसा होता, त्यांचा जीव होता. पण वेळ त्यांच्याबरोबर माझाही गेला होता. माझ्या मुलीने सकाळी स्वतः डबा भरला, माझ्या पतींनी पहिल्यांदा स्वतःचे कपडे धुतले. या सफरीचं अजर मिळत असेल तर त्यातला वाटा घरातल्यांनाही आहे, असं मी अम्मींना भीत भीत म्हटलं. त्या म्हणाल्या, "वाटा क्या, आधा है. पर आधे वाले ने झूट नहीं बोलना."

जाणाऱ्यांसाठी आणि राहणाऱ्यांसाठी

आता आमच्या ओळखीत कोणी वयस्कर जोडपं निघालं, मग ते जमातीला असो, उमऱ्याला असो किंवा हजला, की अम्मी त्यांच्या घरी जातात. औषधं दोन ठिकाणी ठेवा, एक संच हातातल्या पिशवीत. कर्ज आणि अमानत यांचा कागद करा. वसीयत लिहा. लोकरी मोजे जास्त घ्या. एवढं सगळे सांगतात. अम्मी आणखी एक सांगतात. निघण्याआधी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा आणि ठरवा की वाईट खबर आली तर ती कळवायची की नाही, कोणी कळवायची आणि कोणाला. जो जाणार आहे त्यालाच विचारा. तो म्हणाला सांगा, तर सांगा. तो म्हणाला परतल्यावर सांगा, तर तसं करा. पण त्याच्यासाठी तुम्ही ठरवू नका.

आणि सुनेला, लेकाला, मागे राहणाऱ्या प्रत्येकाला विचारा, तुला जमेल का? 'तू आहेस ना' असं गृहीत धरू नका. हे दुसरं वाक्य मी सांगते. अम्मी शेजारी बसलेल्या असतात आणि मान हलवतात.

अब्बा अजून रोज सकाळी अकराला बाजारातून पिशवी घेऊन येतात आणि पुढच्या दाराने न येता मागच्या दाराशी थांबतात. साखरेची वही चालू आहे. भाताला पाणी किती, ते आता त्यांना ठाऊक आहे.

यंदा सुट्टीत दोघं दहा दिवसांसाठी सोलापूरकडे निघाले आहेत. परवा आम्ही सगळे एकत्र बसलो. अम्मींनी प्रत्येकाला विचारलं, शेवटी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "खबर चांगली असो की वाईट, त्याच दिवशी कळवीन, अम्मी. सरळ शब्दांत." अल्लाह मला हा शब्द पाळण्याची तौफीक देवो, आणि तुमच्या घरातून जाणाऱ्यांना आणि घरी राहणाऱ्यांना, दोघांनाही आपल्या हिफाजतीत ठेवो. आमीन.